हस्तता आणि लोहविद्युत् : एका विधानाची चिकित्सा

शास्त्रीय वाङ्मयात काही वाक्ये इतक्या वेळा लिहिली जातात, की ती सिद्ध झालेली आहेत की नुसती रूढ झालेली आहेत, हा प्रश्न विचारण्याचे भान वाचकास राहत नाही. ‘रेणूंच्या हस्ततेने लोहविद्युती द्रव्यांचे गुणधर्म हवे तसे जुळविता येतात’ हे वाक्य या जातीचे आहे. गेल्या काही वर्षांत सेंद्रिय व संमिश्र स्फटिकांविषयीच्या शोधनिबंधांत ते प्रास्ताविकाच्या पहिल्या परिच्छेदातच भेटते आणि पुढील सर्व प्रयोगांचे समर्थन त्याच्यावर सोपविले जाते. वाक्य खोटे नाही. परंतु ‘हस्ततेने’ या पदातील तृतीयेचा प्रत्यय नेमका कोणता संबंध सांगतो, हे त्यात स्पष्ट होत नाही. तृतीया करण दाखविते, तशीच ती हेतूही दाखविते. आणि शास्त्रात करण, हेतु व नुसते अधिष्ठान यांची सरमिसळ झाली म्हणजे चुकीच्या अपेक्षेवर वर्षभराचे श्रम खर्ची पडतात. या विधानाची चिकित्सा आवश्यक ठरते ती याच कारणाने.

१

विधानातील दोन्ही प्रमुख नावे रूपकाने घडलेली आहेत. ‘कायरॅलिटी’ या शब्दाच्या मुळाशी हात या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ज्या आकृतीचे आरशातील प्रतिबिंब त्या आकृतीवर तंतोतंत बसविता येत नाही, अशा आकृतीसाठी लॉर्ड केल्व्हिन यांनी हा शब्द १८९३ मध्ये ऑक्सफर्ड येथील एका व्याख्यानात योजिला. उजवा व डावा हात हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. ग्रीक ‘खेइर’ आणि संस्कृत ‘हस्त’ हे शब्द अनेक व्युत्पत्तिकार एकाच इंडो-युरोपीय मुळाशी जोडतात. तेव्हा मराठीत ‘हस्तता’ हे नाव स्वीकारल्यास परके रूपक उसने घेतल्यासारखे होत नाही.

दुसरे नाव अधिक अडचणीचे आहे. लोखंडाच्या चुंबकत्वाशी असलेल्या साम्यावरून ‘फेरोइलेक्ट्रिक’ हा शब्द पडला, आणि ‘लोहचुंबकत्व’ या रूढ मराठी शब्दाच्या धर्तीवर ‘लोहविद्युत्’ हा शब्द सहज तयार होतो. ज्या द्रव्यात हा गुणधर्म प्रथम ओळखला गेला त्या रोशेल लवणात लोखंडाचा अंशही नाही. रशियन भाषेने ही चूक टाळली. तिने सतराव्या शतकात ला रोशेल येथे हे लवण तयार करणाऱ्या सेन्येत् या औषधविक्रेत्याचे नाव घेऊन या द्रव्यांना ‘सेग्नेतोएलेक्त्रिक’ म्हटले, आणि तो शब्द रशियनमध्ये आजही चालतो.

तथापि या दोन नावांपैकी कमी धोक्याचे नाव ‘लोहविद्युत्’ हेच होय. जे नाव उघड चुकीचे असते ते पहिल्याच धड्यात दुरुस्त होते; लोखंड शोधावयास निघालेला विद्यार्थी फार दूर जात नाही. अर्धे बरोबर असलेले नाव मात्र दीर्घकाळ फसविते. ‘हस्तता’ हे नाव रेणूलाही लागते आणि स्फटिकातील मांडणीलाही लागते, आणि या दोन गोष्टी एकच नव्हेत. क्वार्ट्झचे उदाहरण पुरेसे आहे. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंत उजवेडावेपण नाही. परंतु ते अणू मळसूत्राप्रमाणे रचले गेल्यामुळे क्वार्ट्झचे स्फटिक उजवे व डावे असे दोन प्रकारचे असतात. येथे घटकांत नसलेली हस्तता मांडणीत आहे. उलट टार्टारिक अम्लात ती रेणूच्या ठायीच आहे.

२

लोहविद्युती द्रव्याची लक्षणे दोन. बाह्य विद्युत् क्षेत्र नसतानाही त्यात स्वयंभू विद्युत् ध्रुवण असले पाहिजे, आणि बाह्य क्षेत्र लावल्यावर त्या ध्रुवणाची दिशा उलटविता आली पाहिजे. म्हणजे येथे विचार दिशेचा आहे. हस्ततेत दिशा नाही. तिच्यात केवळ उजवे की डावे एवढाच भेद आहे. या दोहोंतील फरक कळण्यास उपकरणाची गरज नाही.

उजवा हात बोटे आकाशाकडे करून धरावा आणि मग तो फिरवून बोटे जमिनीकडे करावीत. दिशा उलटली, हात उजवाच राहिला. आता हात पूर्ववत् धरून त्याच्या बाजूस उभा आरसा ठेवावा. प्रतिबिंबातील हात डावा झाला. बोटे मात्र आकाशाकडेच आहेत. शेवटी आरसा हाताखाली जमिनीवर आडवा ठेवावा. प्रतिबिंबात बोटे खाली वळली आणि हातही डावा झाला. दिशा व हस्तता यांचे संबंध असे तीन प्रकारचे संभवतात : दिशा बदलून हस्तता टिकते, हस्तता बदलून दिशा टिकते, किंवा दोन्ही एकदम बदलतात. कोणत्याही लोहविद्युती द्रव्याविषयी ‘हस्ततेने नियंत्रण’ असे म्हणताना यांपैकी कोणता प्रकार अभिप्रेत आहे, ते सांगणे आवश्यक आहे.

स्फटिकशास्त्रातील गणनाही हेच सुचविते. सममितीनुसार स्फटिकांचे ३२ वर्ग होतात. त्यांपैकी १० वर्गांत एखादी दिशा तिच्या विरुद्ध दिशेहून मूलतःच निराळी असते आणि म्हणून स्वयंभू ध्रुवण शक्य असते. एकाच हाताचे रेणू घेऊन वाढविलेला स्फटिक मात्र केवळ ११ वर्गांतच बसू शकतो. कारण आरसा किंवा सममिती-केंद्र असलेल्या वर्गात उजव्याबरोबर डावाही रेणू यावा लागतो. या ११ पैकी ध्रुवण शक्य असलेले वर्ग ५. एकहस्ती रेणू निवडल्याने सममिती-केंद्राचा अडथळा निश्चितपणे दूर होतो. ध्रुवणाची हमी मात्र मिळत नाही. ३२ पैकी १० आणि ११ पैकी ५ हे प्रमाण पाहून हस्ततेने यशाची शक्यता वाढते असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु वर्ग मोजणे म्हणजे स्फटिक मोजणे नव्हे. एकहस्ती सेंद्रिय संयुगे अत्यंत वारंवार ज्या रचनेत स्फटिकरूप घेतात, ती परस्परांस लंब असलेल्या तीन मळसूत्र-अक्षांची रचना उरलेल्या सहा वर्गांपैकी एकात मोडते आणि तीत स्वयंभू ध्रुवण संभवत नाही. क्वार्ट्झही हस्तताविशिष्ट आहे. दाबल्यावर त्यात विद्युत् निर्माण होते, परंतु ते लोहविद्युती नाही. दुसऱ्या टोकाला बेरियम टिटॅनेट आहे. ते सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उत्तम लोहविद्युती असते आणि त्यात हस्ततेचा मागमूस नाही. सारांश, हस्तता ही लोहविद्युतेची पुरेशी अट नव्हे आणि आवश्यक अटही नव्हे.

३

येवढ्यावर चिकित्सा थांबविली तर ती नकारात्मक ठरेल. प्रत्यक्ष द्रव्यांत हस्तता काय करते, हे पाहिल्यावाचून विधानाचे खरे मोल कळणार नाही.

या विषयाचा आरंभच टार्टारिक अम्लाच्या लवणांत आहे. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी सोडियम अमोनियम लवणाचे परस्परांची प्रतिबिंबे असलेले स्फटिक हाताने निवडून वेगळे केले आणि त्यांची द्रावणे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल विरुद्ध बाजूंस फिरवितात, हे दाखविले. रेणूंच्या हस्ततेचा विचार तेथून सुरू झाला. १९२० मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलसेक यांना लोहविद्युत् आढळली ती त्याच कुळातील रोशेल लवणात, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्टारेटात. दोन्ही शोध एकाच कुळातील लवणांत लागले, या योगायोगामुळे दोन्ही गुणधर्मांत कार्यकारणसंबंध असावा असे वाटणे साहजिक आहे.

रोशेल लवणाचे वर्तन या समजुतीला दुजोरा देत नाही. ते सुमारे उणे १८ ते अधिक २४ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच लोहविद्युती असते. पट्ट्याच्या वर व खाली त्याच्या स्फटिकात परस्परांस लंब असे तीन द्विगुणी अक्ष असतात आणि ते एकमेकांचे ध्रुवण रद्द करतात. पट्ट्यात एकच अक्ष उरतो व त्याच्या दिशेने ध्रुवण उभे राहते. या सर्व काळात टार्टारेटचे रेणू त्याच हाताचे असतात. तापमान बदलले, ध्रुवण आले व गेले, क्षेत्राने ते उलटले. हस्तता जशीच्या तशी राहिली. नष्ट झालेल्या अक्षांभोवतीचे फिरणे हेच येथे ध्रुवणाच्या दोन दिशांना जोडते, आणि फिरविल्याने उजवा हात डावा होत नाही. विरुद्ध हाताच्या अम्लापासून हेच लवण बनविले तर त्याचा तापमानाचा पट्टा तोच राहील आणि ध्रुवणाचे मानही तेच राहील. येथे हस्तता जुळवाजुळव करीत नाही. ती केवळ घटनेचे स्थान आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ती अधिकरण आहे : हस्ततेच्या चौकटीत ध्रुवण उलटते, एवढेच म्हणता येईल.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले ३-क्विन्युक्लिडिनॉल या सेंद्रिय संयुगावरील काम याच प्रकाराचे, परंतु अधिक बोधप्रद आहे. या संयुगाची उजवी व डावी दोन्ही एकहस्ती रूपे लोहविद्युती आहेत आणि त्यांचे संक्रमण सुमारे ४०० केल्व्हिन तापमानास होते. दोन्ही रूपे समप्रमाणात मिसळून घेतलेला स्फटिक मात्र सममिती-केंद्र धारण करतो व लोहविद्युती राहत नाही. येथे हस्ततेने काहीतरी निश्चित केले, हे मान्य करावयास हवे. तिने एक वाट बंद केली. केंद्रयुक्त रचना अशक्य झाल्यामुळे रेणूंना दुसरी रचना घ्यावी लागली आणि ती सुदैवाने ध्रुवणास अनुकूल निघाली. परंतु दोन्ही हातांच्या स्फटिकांत लोहविद्युत् सारखीच आहे. हस्ततेने अटकाव दूर केला. दिशा निवडली नाही.

४

द्रव स्फटिकांत हस्ततेचे काम याहून निकटचे आहे. ज्यात लांबट रेणू थराथरांनी रचलेले आणि प्रत्येक थरात एका बाजूस कललेले असतात, अशी एक प्रावस्था ‘स्मेक्टिक सी’ या नावाने ओळखली जाते. रेणू हस्तताहीन असतील तर या मांडणीत एक आरसा-प्रतल व त्यास लंब असा एक द्विगुणी अक्ष असतो. आरसा अक्षाच्या दिशेचे ध्रुवण रद्द करतो आणि अक्ष आरशाच्या प्रतलातील ध्रुवण रद्द करतो. परिणामी काहीच उरत नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट मेयर व त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी एक साधा प्रश्न विचारला : रेणूच हस्तताविशिष्ट असले तर आरसा कसा टिकेल? तो टिकत नाही. केवळ अक्ष उरतो आणि त्याच्या दिशेने, म्हणजे थराशी समांतर व कलण्याच्या दिशेस लंब, ध्रुवणास मुभा मिळते. हे अनुमान आधी मांडून नंतर त्यांनी तसे द्रव्य प्रयोगाने दाखविले. सममितीच्या विचारातून द्रव्याकडे जाण्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

येथे हस्तता खऱ्या अर्थाने हेतु आहे. हस्तताहीन आश्रयद्रव्यात हस्तताविशिष्ट रेणूंची थोडी भर घातली तरी ध्रुवण प्रकट होते; भर विरुद्ध हाताची असेल तर त्याच कलासाठी ध्रुवणाचे चिन्ह उलटते; दोन्ही हात समप्रमाणात असतील तर ते शून्य होते. भरीचे प्रमाण बदलून ध्रुवणाचे मान कमीअधिक करता येते. ‘गुणधर्म जुळविणे’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः सार्थ ठरतो.

तथापि याच द्रव्यात हस्ततेचे दुसरे काम पहिल्याच्या विरुद्ध चालते. हस्तताविशिष्ट रेणूंमुळे कलण्याची दिशा थरागणिक थोडी थोडी फिरत जाते व एक मळसूत्र तयार होते. ध्रुवणही कलाबरोबर फिरते, आणि मळसूत्राच्या पूर्ण वळणात त्याची बेरीज शून्य होते. जी हस्तता ध्रुवण देते तीच ते झाकून टाकते. या अडचणीतून १९८० मध्ये नोएल क्लार्क व स्वेन लागरवाल यांनी वाट काढली. द्रव स्फटिक अतिशय जवळ ठेवलेल्या दोन काचांत कोंडून त्यांनी मळसूत्र दाबून टाकले आणि ध्रुवण अत्यंत वेगाने उलटविता येते, हे दाखविले. दुसरा उपाय मिश्रणाचा : ज्यांची मळसूत्रे विरुद्ध दिशेची, परंतु ध्रुवणाचे चिन्ह एकच, अशी संयुगे मिसळली म्हणजे मळसूत्र मोडते व ध्रुवण शिल्लक राहते. हा उपाय शक्य आहे, यावरूनच सिद्ध होते की रेणूचा हात, मळसूत्राचा हात आणि ध्रुवणाचे चिन्ह या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या तिघींना एकाच ‘हस्तता’ या शब्दात गुंडाळले तर हा उपाय सुचणारही नाही.

मेयर यांच्या यशामुळे पुढील वीस वर्षे द्रव स्फटिकात लोहविद्युत् हवी असेल तर रेणूत हस्तता हवीच, असा समज बळावला. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी केळ्यासारख्या वाकलेल्या, परंतु हस्तताहीन रेणूंत उलटविता येणारे ध्रुवण दाखविले. आणि १९९७ मध्ये असे रेणू थरांत रचले गेल्यावर मांडणी मात्र आपण होऊन उजवी किंवा डावी होते, हे स्पष्ट झाले. हेतु एकच असतो असे मानणाऱ्या वाक्याला द्रव्याने दिलेले हे उत्तर होते.

५

तिसरे उदाहरण ट्रायग्लायसीन सल्फेटचे. त्याची लोहविद्युत् १९५६ मध्ये मॅथियास व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केली. ग्लायसीन हे हस्तताहीन अमिनो अम्ल आहे. ४९ अंश सेल्सिअसच्या वर या स्फटिकात आरसा असतो. तापमान त्याखाली आले की आरसा नाहीसा होतो व त्यास लंब दिशेने ध्रुवण उत्पन्न होते. रोशेल लवणाशी असलेला भेद येथे आहे. या स्फटिकातील विरुद्ध ध्रुवणाचे दोन प्रदेश हे नाहीशा झालेल्या आरशातील एकमेकांचे प्रतिबिंब असतात. जमिनीवर ठेवलेल्या आडव्या आरशातील हाताप्रमाणे ध्रुवण उलटले की मांडणीचा हातही उलटतो. रेणूत हस्तता नाही. मांडणीत ती आहे आणि ती ध्रुवणाशी बांधलेली आहे.

अशा स्फटिकात एकाच हाताचा परका रेणू शिरला तर काय होईल, याचे उत्तर सममितीतच आहे. १९७१ मध्ये पी. जे. लॉक यांनी ट्रायग्लायसीन सल्फेटमध्ये एल-अ‍ॅलानिनची अल्प भर घालण्याविषयीचे काम प्रसिद्ध केले. अ‍ॅलानिनचा रेणू ग्लायसीनच्या जागी बसण्याइतका त्याच्यासारखा आहे. परंतु त्यास जोडलेला मिथिल गट त्याला हस्तता देतो. ध्रुवण उलटताना ग्लायसीन जसे प्रतिबिंबरूप घेते तसे अ‍ॅलानिनला घेता येत नाही. परिणामी त्याच्या भोवतालचे ध्रुवण एकाच बाजूस धरून ठेवले जाते. बाहेरून क्षेत्र लावलेले नसतानाही स्फटिकाच्या आत जणू एक क्षेत्र कायमचे वसते. डी-अ‍ॅलानिन घातल्यास ते विरुद्ध दिशेचे असते. याचा व्यावहारिक लाभ मोठा आहे. उष्णतेच्या बदलाने विद्युत् देणाऱ्या अवरक्त शोधकांत हा स्फटिक वापरतात. शुद्ध स्फटिक तापून ४९ अंशांपलीकडे गेला तर थंड झाल्यावर त्याचे ध्रुवण दोन्ही दिशांत विखुरते. अ‍ॅलानिनयुक्त स्फटिक मात्र आपण होऊन पूर्वीच्या दिशेस परत येतो. येथे हस्तता कर्त्याच्या पदावर पोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु या कर्तृत्वाची किंमत लक्षात घ्यावयास हवी. ध्रुवण एका बाजूस धरले जाते, म्हणजेच ते उलटविणे अवघड होते. उलटविता येणे हे लोहविद्युतेचे दुसरे लक्षण. ते येथे हेतुपुरस्सर दुबळे केले जाते. शोधक बनविणाऱ्यास हा गुण आहे, स्मृतिसाधन बनविणाऱ्यास तो दोष ठरेल. ‘गुणधर्म सुधारले’ असे म्हणताना कोणाच्या दृष्टीने, हे सांगणे म्हणूनच अगत्याचे आहे.

६

या तिन्ही प्रकारांत चिन्हांच्या भाषेमुळे आणखी एक घोटाळा संभवतो. नैसर्गिक टार्टारिक अम्ल प्रकाश उजवीकडे वळविते म्हणून ते दक्षिणवलनी. जुन्या संकेतानुसार ते ‘एल’. नव्या संकेतानुसार त्याची दोन्ही केंद्रे ‘आर’. एल-अ‍ॅलानिन मात्र नव्या संकेतात ‘एस’ आहे. दोन संयुगांच्या नावांत एकच अक्षर दिसले म्हणून त्यांचा हात एक, असे अनुमान केल्यास ध्रुवणाच्या चिन्हाविषयीचे सर्व निष्कर्ष कोलमडतील. ही अक्षरे संकेत आहेत. प्रत्यक्ष अवकाशातील रचना कोणती, याचा निर्णय प्रथम १९५१ मध्ये बायफूट व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केला. आणि त्यासाठी घेतलेले सोडियम रुबिडियम टार्टारेट हेही रोशेल लवणाचेच भावंड होते. ध्रुवणाचे चिन्ह सांगणाऱ्या निबंधाने हाताचे चिन्ह कोणत्या संकेतात दिले आहे, हे सांगितले नसेल तर ते विधान तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते शास्त्रीय विधान नव्हे.

तेव्हा ज्या वाक्यापासून आरंभ केला ते टाकून देण्याचे कारण नाही. ते विभक्त करून लिहिले पाहिजे. रोशेल लवणात हस्ततेच्या ठायी ध्रुवण उलटते. कललेल्या द्रव स्फटिकात हस्ततेमुळे ध्रुवणास मुभा मिळते. अ‍ॅलानिनयुक्त स्फटिकात हस्तता ध्रुवणाला धरून ठेवते. सप्तमी, हेतु आणि प्रथमा असे हे तीन निरनिराळे संबंध आहेत, आणि त्यांतून मिळणारे उपयोगही निरनिराळे आहेत. नव्या द्रव्याविषयीचा निबंध वाचताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत : हस्तता रेणूची की मांडणीची? ध्रुवण उलटताना ती टिकते की तीही उलटते? आणि विरुद्ध हाताचा रेणू घेतल्यास ध्रुवणाचे अस्तित्व, चिन्ह व स्थैर्य यांपैकी नेमके काय बदलते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने दिलेले नसेल, केवळ एकाच हाताचे द्रव्य बनवून ते लोहविद्युती आढळले एवढेच सांगितले असेल, तर हस्ततेने काही जुळविले असे म्हणण्याचा अधिकार त्या निबंधास प्राप्त होत नाही.

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप घडावयाची आहे, हा एका अर्थी लाभच आहे. दुसऱ्या भाषेत रूढ झालेली संदिग्धता तशीच उचलण्याचे बंधन मराठी लेखकावर नाही. रेणूची हस्तता, मांडणीची हस्तता व मळसूत्राची दिशा यांना आरंभापासून तीन नावांनी ओळखले, आणि ‘ने’ या प्रत्ययाच्या जागी जेथे ‘मुळे’ हवे तेथे ‘मुळे’ व जेथे ‘मध्ये’ हवे तेथे ‘मध्ये’ लिहिले, तर प्रयोगशाळेत कोणता स्फटिक वाढवावयाचा, याचा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याचे बरेच श्रम वाचतील.